फौजदारी खटल्यांचे सारांश : एक उपेक्षित लेखनप्रकार

कादंबरी, लघुकथा, नाटक, चरित्र इत्यादि लेखनप्रकारांची समीक्षा आपल्या मासिकांतून नेहमीं येते. भाषांतरांची येते, प्रवासवर्णनांची येते, क्वचित् शालेय पुस्तकांचीहि येते. परंतु ज्या लेखनावर रोज कोणाचें तरी स्वातंत्र्य आणि प्रसंगीं कोणाचा तरी प्राण अवलंबून असतो, त्या लेखनाकडे वाङ्मयदृष्टीनें कोणी पाहिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. हें लेखन म्हणजे वकील व न्यायाधीश यांच्या उपयोगासाठीं केलेले फौजदारी खटल्यांचे सारांश. वरिष्ठ न्यायालयाचें निकालपत्र पुष्कळदां शंभर पानांहून मोठें असतें. तें वृत्तांतग्रंथांत छापतांना संपादक त्याच्या माथ्यावर दहा-वीस ओळींचा गोषवारा देतो. वकीलमंडळी त्याला 'हेडनोट' म्हणतात. पुढें खालच्या न्यायालयांत जें उद्धृत होतें, परीक्षेंत जें विचारलें जातें आणि टिपणांत जें उतरतें, तें बहुधा या दहा-वीस ओळींतलेंच असतें. तेव्हां हें लेखन बरें कशानें होतें व वाईट कशानें होतें, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाहीं. ज्याला कधींहि न्यायालयाची पायरी चढावी लागेल अशा प्रत्येक गृहस्थाचा तो आहे.

या विषयाकडे माझें लक्ष वळण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. मी कात्रजला राहतों. माझी पुतणी दोन वर्षांपूर्वीं वकिलीची सनद घेऊन शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयांत एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालीं काम करूं लागली. सकाळीं ती बसनें जाते आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कागद पसरून बसते. गेल्या पावसाळ्यांत तिच्या वकिलांकडे एका खुनाच्या खटल्यांत बचावाचें काम आलें. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणी नाहीं. सारा पुरावा परिस्थितिजन्य. सकाळपर्यंत पांच निवाड्यांचे सारांश करून आणावे, प्रत्येक सहा ओळींहून मोठा नको, अशी आज्ञा झाली होती. पांचांतला पहिला निवाडा पुण्याचाच होता : शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९८४. तिनें आपल्या सहा ओळी मला वाचून दाखविल्या. भाषा स्वच्छ होती, क्रम बिनचूक होता. ऐकून झाल्यावर मीं सहज विचारलें, "अग, त्या मुलीनें लिहिलेलीं पत्रें होतीं ना? त्यांचें यांत कांहींच नाहीं?"

"काका, मला त्यांतलें तत्त्व हवं आहे, गोष्ट नको," ती म्हणाली. "कोर्टांत गोष्ट सांगूं लागलें तर सर मला खालीं बसायला सांगतील."

तिचें उत्तर चुकीचें नव्हतें. पिढ्यान् पिढ्या वकिलांना हेंच शिकविलें जातें, आणि त्यामागें सबळ कारणहि आहे. परंतु तें संपूर्ण बरोबर आहे असेंहि मला वाटेना. फौजदारी खटल्यांतून गोष्ट वगळल्यावर जें उरतें, त्याला तत्त्व म्हणतां येतें काय, या शंकेनें पुढें कित्येक दिवस माझा पिच्छा पुरविला. प्रस्तुत लेख हें त्या शंकेचेंच फळ आहे.

प्रथम या लेखनप्रकाराचा गुण मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. न्यायालयाचे निर्णय पुढील न्यायालयांस मार्गदर्शक व्हावयाचे असतील, तर ते सांपडले पाहिजेत, आणि सांपडण्यासाठीं ते आटोपशीर रूपांत असले पाहिजेत. आपल्याकडे १८७५ सालीं वृत्तांतग्रंथांविषयीं स्वतंत्र कायदा झाला आणि १८७६ पासून 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'ची मुंबई मालिका निघूं लागली. १८९९ मध्यें मुंबईस 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू झाला. पुढें नागपुरास व्ही. व्ही. चितळे यांनीं 'ऑल इंडिया रिपोर्टर'ची स्थापना केली, त्याचें 'ए. आय. आर.' हें संक्षिप्त नांव आज देशांतल्या प्रत्येक वकिलाच्या जिभेवर आहे. या ग्रंथांचे संपादक व सारांशकार बहुधा निनांवी राहिले. निकालपत्राच्या रानांतून वाट काढणें, कोणतें विधान निर्णयास आवश्यक होतें व कोणतें केवळ प्रसंगानें आलें हें ओळखणें, आणि तें एका वाक्यांत बसविणें, यांस जी बुद्धि लागते ती सामान्य नव्हे. चांगल्या सारांशकारापाशीं व्याकरणकाराची काटकसर असते. आपल्या सूत्रकारांच्या परंपरेंत त्याला मानाचें आसन मिळावयास हरकत नव्हती.

परंतु सूत्राला भाष्य लागतें, ही गोष्टहि त्याच परंपरेनें आपणांस शिकविली आहे. दिवाणी खटल्यांत हें भाष्य कधीं कधीं वगळतां येतें. एखाद्या दस्तऐवजाची नोंदणी सक्तीची आहे कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर तो दस्तऐवज गोविंदाचा असो कीं गोपाळाचा, एकच राहतें. फौजदारी खटल्याची स्थिति निराळी आहे. तेथें कायदा बहुधा साधा असतो. खुनाची व्याख्या कोणीहि पाठ करूं शकेल. अडचण असते ती अमुक एका रात्रीं काय घडलें, हें ठरविण्यांत. म्हणून फौजदारी निकालांतील तत्त्व बहुतेक वेळां 'इतक्या पुराव्यावर शिक्षा होऊं शकते' किंवा 'इतक्या पुराव्यावर होऊं शकत नाहीं' या स्वरूपाचें असतें. त्यांतला 'इतका' हा शब्दच सर्व भार वाहतो. आणि सारांशांतून नेमका तोच निसटतो.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्याच्या इतिहासांतलें आहे. १८९७ च्या सप्टेंबरांत लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयांत राजद्रोहाचा पहिला खटला चालला. 'केसरी'तले लेख मराठी. नऊ जणांच्या जूरींत सहा युरोपीय, ज्यांस ते भाषांतरांतूनच समजून घेणें भाग होतें. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं जूरीस सविस्तर निवेदन केलें. कायद्यांतल्या 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ सांगतांना त्यांनीं म्हटलें कीं, त्याचा अर्थ प्रीतीचा अभाव. आणि पुढें द्वेष, वैर, तिरस्कार अशा भावनांची यादीहि दिली. लेख कोणासाठीं लिहिले गेले व काळ कोणता होता, याचा विचार करण्यास सांगितलें. जूरीनें सहा विरुद्ध तीन अशा बहुमतानें दोषी ठरविलें आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढें त्या लांबलचक निवेदनांतून लोकांच्या आणि वकिलांच्या स्मरणांत राहिला तो एकच तुकडा : 'प्रीतीचा अभाव'. सरकारवर प्रेम नसणें हाच गुन्हा, असा त्याचा अर्थ होऊं लागला.

स्ट्रेची यांचें संपूर्ण निवेदन सौम्य होतें असें सुचविण्याचा माझा हेतु नाहीं. तें तसें नव्हतें. तथापि एका तुकड्याचें आयुष्य किती लांबतें, हें यावरून दिसतें. १९१६ मध्यें टिळकांवरील पुढच्या प्रकरणांत, जामीन घेण्याच्या हुकुमाविरुद्धच्या अर्जाचा विचार करतांना, त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ति बॅचलर यांनीं या अर्थाविषयीं स्पष्ट नापसंती व्यक्त केली : त्या शब्दांत प्रीति नसण्याहून अधिक, प्रत्यक्ष विरोधी भावना अभिप्रेत आहे. १९४२ मध्यें फेडरल कोर्टानें सार्वजनिक शांततेच्या भंगाची कसोटी लाविली. १९४७ मध्यें सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें ती कसोटी नाकारून टिळकांच्या खटल्यांतील जुनाच अर्थ उचलून धरला. १९६२ मध्यें केदारनाथ सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां शांततेच्या कसोटीकडे वळून त्या कलमाला मर्यादा घातली. जूरीपुढें उच्चारलेल्या दोन-तीन शब्दांशीं पुढील न्यायालयें पासष्ट वर्षें झुंजत होतीं. सारांश लहान असतो म्हणून त्याचा परिणामहि लहान असेल, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हा इतिहास आठवावा.

आतां परिस्थितिजन्य पुराव्याकडे येऊं. या प्रांतांत पुण्यानें देशाला दोन मोठे निवाडे दिले आहेत, आणि योगायोग असा कीं दोन्हीं विषप्रयोगाच्या आरोपाचे आहेत. पहिला अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य, १९६० च्या वृत्तांतग्रंथांत छापलेला. त्याचा सारांश वकील असा सांगतात : 'शरीरांत विष सांपडलें नाहीं तरीहि विषप्रयोगानें खून केल्याबद्दल शिक्षा होऊं शकते.' हें विधान खरें आहे. परंतु एवढेंच ऐकलें तर कोणत्याहि आजारी माणसाचा मृत्यु झाल्यावर त्याची शुश्रूषा करणाराच्या गळ्यांत दोर अडकवितां येईल कीं काय, असें भय वाटावें.

आतां त्याची हकीकत पाहा. लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा. प्रकृति अशक्त, मधुमेह जडलेला. डॉ. लागू त्यांच्या घरांत राहणारे व त्यांच्यावर उपचार करणारे. १९५६ च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं मुंबईच्या डॉक्टरांस प्रकृति दाखविण्यासाठीं म्हणून दोघें पुण्याहून आगगाडीनें निघालीं. पहांटे मुंबईस गाडी पोंचली तेव्हां लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनीं त्यांस गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत नेलें, परंतु दाखल केलें तें भलत्याच नांवानें. त्याच दिवशीं त्या वारल्या. ज्या वैद्यानें त्यांस आणलें त्यानें त्यांच्या आप्तांस मृत्यूची वार्ता कळविली नाहीं. उलट त्या जिवंत आहेत, त्यांनीं दुसरें लग्न करून दूरदेशीं संसार थाटला आहे, अशा अर्थाचीं पत्रें त्यांच्या नांवानें येत राहिलीं. आणि मध्यंतरीं त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हातीं गेली. विष सांपडलें नाहीं हें खरें. कांहीं विषें तपासणींत सांपडत नाहींत असा वैद्यकीय पुरावा आला, आणि तें शोधण्याची वेळ निघून जावी अशी तजवीज कोणी केली होती, हेंहि पुराव्यांत आलें.

आधींच्या निवाड्यांत विषप्रयोगाच्या खटल्यासाठीं तीन प्रश्न सांगितले होते : मृत्यु विषानेंच झाला काय, आरोपीपाशीं तें विष होतें काय, आणि तें देण्याची संधि त्याला होती काय. न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं बहुमताचा निर्णय देतांना हे तीन प्रश्न मोडीत काढले नाहींत. ते सदैव ध्यानांत ठेवावे, परंतु पुरावा पुरेसा आहे कीं नाहीं हें त्या त्या खटल्याच्या हकीकतीवर ठरेल, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे सारांशांतलें तत्त्व हकीकतीपासून तोडूं नका, असें खुद्द त्या निकालपत्रांतच सांगितलें आहे! आणि आणखी एक गोष्ट. तीन न्यायमूर्तींपैकीं न्यायमूर्ति सरकार यांचें मत विरुद्ध पडलें. हा मृत्यु अनैसर्गिकच होता हें सिद्ध झालें नाहीं, असें त्यांस वाटलें. इतक्या भयंकर हकीकतीनंतरहि एका विद्वान् न्यायाधीशाच्या मनांत शंका उरली. ही शंका ज्या सारांशांतून गळते तो खोटा नसेल, परंतु पुरा प्रामाणिकहि नव्हे.

दुसरा निवाडा माझ्या पुतणीचा. १९८२ च्या फेब्रुवारींत विवाह झालेली एक तरुणी त्याच वर्षीं जून महिन्याच्या ११ व १२ तारखांच्या मधल्या रात्रीं पुण्यास आपल्या राहत्या घरीं मरण पावली. मृत्यु पोटॅशियम सायनाइडनें झाला. पुण्याच्या न्यायालयानें तिच्या पतीस फांशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि जुलै १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द करून त्याला मुक्त केलें. न्यायमूर्ति फझल अली यांनीं परिस्थितिजन्य पुराव्याच्या पांच कसोट्या एका जागीं मांडून त्यांस 'पंचशील' म्हटलें. गेल्या चाळीस वर्षांत परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यांत या पंचशीलाइतकें दुसरें कांहीं क्वचितच उद्धृत झालें असेल. माझ्या पुतणीच्या सहा ओळी अशा होत्या :

'केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा देण्यासाठीं : (१) प्रत्येक परिस्थिति पूर्णपणें सिद्ध झाली पाहिजे, (२) सिद्ध गोष्टी आरोपीच्या अपराधाशींच जुळल्या पाहिजेत, (३) त्या निर्णायक स्वरूपाच्या असल्या पाहिजेत, (४) त्यांनीं अन्य प्रत्येक शक्यता दूर केली पाहिजे, (५) पुराव्याची सांखळी अखंड असली पाहिजे. आरोपी मुक्त.'

यांत एकहि चूक नाहीं. परंतु हीच पांच वाक्यें कोणत्याहि खटल्याच्या माथ्यावर चिकटवितां येतील. आणि तशीं तीं चिकटविलीं जातातहि. शिक्षा कायम करणारें न्यायालय पांच कसोट्या सांगतें व पूर्ण झाल्या म्हणतें. शिक्षा रद्द करणारें न्यायालय त्याच पांच सांगतें व पूर्ण झाल्या नाहींत म्हणतें. वस्तुतः या कसोट्यांचें मूळ १९५२ च्या हनुमंत विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या निवाड्यांत आहे, आणि तो तर खुनाचा नव्हेच. मद्याच्या भट्टीच्या ठेक्यासाठीं भरलेल्या टेंडरांतील फसवणुकीच्या आरोपाचा होता. पहिल्या कसोटींतील 'सिद्ध झाली पाहिजे' आणि 'सिद्ध झाली असावी' यांतला भेद १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे यांच्या निवाड्यांतून आला. तत्त्वें अशीं एका घरांतून दुसऱ्या घरांत फिरत असतात. परंतु 'अखंड' म्हणजे किती अखंड, हें कळण्यासाठीं सांखळी कोठें तुटली तें पाहावें लागतें.

ती तुटली कोठें? या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं त्या पत्रांत आहे. मृत तरुणीनें विवाहानंतरच्या थोड्या महिन्यांत आपल्या बहिणीस व मैत्रिणीस पत्रें लिहिलीं होतीं आणि त्यांत आपल्या संसारांतील दुःख सांगितलें होतें. मृत व्यक्तीचें असें लिखाण पुराव्यांत घ्यावें कीं नाहीं, हा कायद्याचा मोठा प्रश्न होता. न्यायमूर्ति फझल अली यांनीं पुराव्याच्या कायद्याच्या ३२ व्या कलमाचा अर्थ व्यापक घेऊन तीं ग्राह्य धरलीं; न्यायमूर्ति वरदराजन यांस तें मान्य झालें नाहीं; न्यायमूर्ति सब्यसाची मुखर्जी यांनीं आपलें स्वतंत्र टिपण जोडलें. (तें ३२ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचें २६ वें कलम झालें आहे, वाद मात्र जुनाच चालूं आहे.) पत्रें ग्राह्य ठरलीं, परंतु पुढें काय झालें? तीं लिहिणारी फार हळव्या मनाची होती, ती निराश झाली होती, असें त्यांच्याच वाचनांतून निष्पन्न झालें. आणि तिनें स्वतःच विष घेतलें नसेलच असें म्हणतां येत नाहीं, ही शक्यता उभी राहिली. चौथी कसोटी म्हणजे अन्य प्रत्येक शक्यता दूर होणें. ती शक्यता तिच्या पत्रांतून निर्माण झाली, आणि सांखळी तेथें तुटली. जीं पत्रें फिर्यादीचा आधार म्हणून आलीं तींच बचावाचा आधार झालीं.

निर्दोष सुटलेल्या गृहस्थाविषयीं शंका उत्पन्न करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें त्यांस मुक्त केलें, आणि ज्या नियमानें केलें तो नियम आपणां सर्वांचें कवच आहे. माझा मुद्दा सारांशाचा आहे. वर सांगितलेली हकीकत ज्याला ठाऊक नाहीं तो वकील उद्यां आपल्या अशिलासाठीं उभा राहील आणि पांच कसोट्या म्हणून दाखवील. न्यायाधीश विचारतील, 'तुमच्या खटल्यांत अन्य शक्यता कोणती?' तेव्हां त्याच्यापाशीं उत्तर नसेल. कारण मूळ निवाड्यांत ती शक्यता कशांतून निघाली, हेंच त्यानें वाचलेलें नाहीं. म्हणजे गोष्ट वगळल्यानें केवळ भावना वगळली गेली असें नाहीं. कायद्याचें हत्यार चालवावयाची मूठच वगळली गेली.

आणखी असें पाहा. लागू खटला व सारडा खटला यांचे सारांश शेजारीं ठेवले तर ते परस्परविरोधी वाटतात. एकांत विष न सांपडतां फांशी, दुसऱ्यांत विष सांपडूनहि सुटका! सामान्य वाचक म्हणेल, न्यायालयाच्या मनांत येईल तें खरें. परंतु दोन्हीं हकीकती वाचल्या म्हणजे विरोध मावळतो. एकीकडे मृत्यूनंतर आरोपीनें केलेली प्रत्येक कृति मृत्यु लपविणारी होती, आणि लक्ष्मीबाईंनीं स्वतः जीव दिल्याची शक्यता कोठें डोकावत नव्हती. दुसरीकडे ती शक्यता मृत तरुणीच्या हस्ताक्षरांत न्यायालयापुढें होती. सारांशानें लोकांचा न्यायावरील विश्वास कमी होतो, आणि संपूर्ण हकीकतीनें वाढतो, असा अनुभव येथें येतो.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाहीं. अमेरिकेंत १८८६ मध्यें सँटा क्लारा परगणा व एक रेल्वे कंपनी यांच्या कज्जांत घटनेचें समान संरक्षण कंपन्यांसहि लागू आहे, असें वाक्य वृत्तांतलेखकानें हेडनोटींत घातलें. निकालपत्रांत त्या प्रश्नाचा निर्णय नव्हता. मुख्य न्यायमूर्तींनीं वादविवादापूर्वीं काढलेल्या उद्गारांचा तो आधार होता. तरीहि पुढें तें वाक्य निर्णय म्हणूनच उद्धृत होत गेलें. अखेर १९०६ मध्यें दुसऱ्या एका खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयास बजावावें लागलें कीं, हेडनोट हें न्यायालयाचें लेखन नव्हे. आपल्याकडील न्यायालयांसहि हेंच म्हणावें लागतें, आणि प्रत्येक नव्या वकिलास तें एकदां तरी ऐकावें लागतें.

आतां तर सारांश लिहिणारा माणूसहि राहिलेला नाहीं. यंत्र एका क्षणांत शंभर पानांच्या सहा ओळी करून देतें. २०२३ मध्यें न्यूयॉर्कमधील एका न्यायालयांत वकिलांनीं अशा यंत्राकडून घेतलेले, कधींच अस्तित्वांत नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांस दंड झाला. या प्रकाराची पुष्कळ चर्चा झाली. परंतु मला नसलेल्या निवाड्याची तेवढी भीति वाटत नाहीं. तो शोधला म्हणजे सांपडत नाहीं आणि लबाडी उघडी पडते. मला भीति वाटते ती खऱ्या निवाड्याच्या गुळगुळीत सारांशाची. त्यांत सर्व कांहीं बरोबर असतें. पाहिजे तें तेवढें नसतें. जुन्या संपादकानें चूक केली तर वाचक त्याला पत्र लिहूं शकत असे. यंत्रास पत्र कोण लिहिणार? त्याच वेळीं एक गोष्ट आनंदाचीहि घडली आहे : २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत वृत्तांतांतील निवाडे कोणासहि विनामूल्य वाचावयास मिळतात. मूळ वाचण्याची सोय झाली, आणि मूळ न वाचण्याचीहि सोय झाली. दोन्हीं एकाच काळांत.

मग चांगला सारांश कसा असावा? माझ्या अल्प मतीप्रमाणें फौजदारी खटल्याच्या सारांशांत चार गोष्टी अवश्य याव्या. पहिली, ज्या एका किंवा दोन गोष्टींवर निर्णय फिरला त्या. सर्व हकीकत नको, परंतु बिजागरी हवी. दुसरी, काय सिद्ध झालें नाहीं तें. कारण फौजदारी न्यायांत न सिद्ध झालेलें सिद्ध झालेल्याइतकेंच बोलतें. तिसरी, न्यायाधीशांत मतभेद होता काय व कशावर. चौथी, पुढें त्या निवाड्याचें काय झालें : पाळला गेला, मर्यादित झाला, कीं बाजूस पडला. या चार गोष्टींस आणखी फार तर चार ओळी लागतील. कामाच्या घाईंत चार ओळी महाग वाटतात हें मी जाणतों. परंतु ज्याच्यासाठीं हा उद्योग चालतो तो माणूस कोठडींत बसलेला असतो, आणि त्याला घाई नसते.

कात्रजच्या तलावांतून पेशव्यांच्या काळीं शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलेलें होतें. नानासाहेबांच्या कारकीर्दींतलें हें काम. जमिनीखालून दगडी नळ, आणि वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास. तेथें पाण्याचा वेग मंदावे, गाळ खालीं बसे, आणि शहरांतल्या हौदांत निवळ पाणी पडे. सारांशाचें काम असेंच आहे असें माझी पुतणी मला म्हणाली. मला तिची उपमा आवडली. मात्र मीं तिला एवढेंच सांगितलें कीं, त्या उच्छ्वासांवर माणूस उतरून गाळ काढीत असे, आणि गाळ काढतांना तो पाहत असे.

तिनें रात्रीं पुन्हां निकालपत्र उघडलें. मला झोंप लागली तेव्हां तिच्या टेबलावरचा दिवा जळत होता. सकाळीं तिच्या सारांशाच्या दहा ओळी झाल्या होत्या. पांच कसोट्या तशाच होत्या. त्यांच्याखालीं तिनें लिहिलें होतें :

'मृत विवाहितेचीं पत्रें बहीण व मैत्रीण यांस. ग्राह्यतेविषयीं न्यायमूर्तींत मतभेद. पत्रांतून पतीविरुद्ध तक्रार निघते. परंतु त्यांतूनच आत्महत्येची शक्यता उरते, म्हणून चौथी कसोटी अपूर्ण. आमच्या खटल्यांत तशी शक्यता दाखविणारा कागद कोणता, तें शोधणें.'

संध्याकाळीं ती परतली तेव्हां मीं विचारलें, ज्येष्ठ वकील काय म्हणाले. तिनें कागद पुढें केला. त्यांनीं 'दहा ओळी?' असें समासांत लिहिलें होतें. शेवटच्या वाक्याखालीं मात्र पेन्सिलीची रेघ होती, आणि तिच्यापुढें त्यांच्याच अक्षरांत दोन शब्द होते : 'शोधा. उद्यां.'